मुसकं

आषाढात लोकांचे देव झोपले, लग्नं थांबली,
आणि आमची चंपाकळी सुटली बंद गिरणीच्या आवारात.
चार महिने सुपारी नाही, बँड नाही,
डोक्यावर झुंबरं घेऊन चालणाऱ्या बाया नाहीत.
फक्त गवत.
गुडघाभर, कोवळं,
सोलापूरला न शोभणारं हिरवं.

तिनं खाल्लं.
मी म्हटलं, खाऊ दे बे,
वर्षभर कडबा चावते बिचारी.

भाद्रपदात ती पुढचे पाय आळीपाळीनं उचलू लागली,
तापल्या तव्यावर उभी केल्यासारखी.
हत्तुरे डॉक्टरीणबाईंनी खुरावर तळहात ठेवला,
मग माझाही हात ओढून ठेवला. भट्टी.
म्हणाल्या, साखर जास्त झाली.
मला वाटलं, माझाच रिपोर्ट वाचतायत.
"उपाशी ठेवू नका हां.
रिकाम्या पोटी घोडं दुसऱ्याच दुखण्यानं जातं.
चरू द्या, पण मुसकं घालून.
आणि रात्री काढा."

मंगळवार बाजारात काथ्याचं मिळालं, साठ रुपये.
बैलाचं होतं. दुकानदार म्हणाला,
तोंड ते तोंड, घोड्याचं काय नि बैलाचं काय.
वर डोळ्याला टोचायचं, खाली नाकपुडी खरवडायचं,
आणि भोकं अशी, की गड्ड्याची जत्रा आत शिरेल.
तिसऱ्या दिवशी नाकाच्या हाडावरचे केस गेले,
सुपारीएवढी जागा लाल.

पुण्याचं चामड्याचं चार हजार दोनशे.
म्हणजे दोन वराती.
फोनवरच्या माणसाला विचारलं, भिजलं तर?
म्हणाला, तेल लावायचं.

मुदस्सरनं मोबाइलवर प्लास्टिकचं दाखवलं,
बादलीसारखं, नऊशेला.
म्हणून मी बादलीच कापली.
तळाला भोकं पाडली, पट्टा लावला,
स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन चहा प्यायलो, बिनसाखरेचा.
दुपारी आत हात घातला,
तर भज्याच्या कढईवर धरल्यासारखी वाफ.
काढली. तिनं शिंकरून माझा सदरा भिजवला.

शेवटी नरसम्मा येमुल आली,
टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं मागावर काढलेली.
तिनं टेप नाही आणला. वितीनं मोजलं,
गालावर दोन बोटं आडवी ठेवून म्हणाली,
चघळायला जागा नको का हिला?
दप्तराच्या पट्ट्यांची जाळी विणली,
वारा जाईल, पाणी पिता येईल अशी.
नाकावर, जबड्याखाली
डागी टॉवेलच्या घड्या शिवल्या, लूप बाहेर ठेवून,
नवरदेवाचं तोंड पुसावं इतक्या मऊ.
तळाला एकच भोक, जुन्या रुपयाएवढं.
शेंडे येतील, म्हणाली. बुडखे नाही येणार.

कानामागच्या पट्टीत मात्र एका जागी
कच्चा दोरा घातला.
मी म्हटलं, हे तुटेल की.
"तुटायलाच आहे.
कुठं खिळ्यात अडकली, तर मान मोडायची का?"
जन्मभर धागा तुटू नये म्हणून जागलेली बाई,
तुटावा म्हणून गाठ मारत होती,
आणि गाठ नीट बसेना तिला.
दोनदा सोडली. फारच पक्की झाली म्हणून.

दीडशे रुपये. शिवाय नातवाच्या वरातीला घोडी फुकट.
नातू चौथीत आहे.

पहिल्या दिवशी चंपाकळी रुसून उभी राहिली.
सेहऱ्याच्या झालरी, फटाके, दारू प्यायलेले मामा,
सगळं सोसलं होतं तिनं मान न हलवता.
हे नाही.
माझ्याकडे बघत होती.
मग नाक टेकवलं जमिनीला, दाबलं,
आणि आतून आवाज आला,
करकर, थोडासाच,
कुणी चोरून खडीसाखर फोडतंय असा.

दिवाळीपर्यंत दोरा तीनदा तुटला.
तिसऱ्यांदा मुसकं बाभळीला लटकलेलं सापडलं
आणि ती पलीकडे, मोकळ्या तोंडानं,
मान वर न करता.
खूर आता थंड होते.
मी मुसकं हातात घेऊन उभा राहिलो.
तिला दिसलो होतो, कान माझ्याकडेच होता.
सात घास मोजले.
मग गेलो.